डोंगरउतारावरचे जंगल : किती घ्यावे, कुठून घ्यावे, कधी थांबावे

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातील एका उत्तरात मी लिहिले होते की, डोंगरावरचे जंगल वापरात ठेवूनही राखता येते. मात्र किती घ्यायचे हे त्या जंगलाच्या वाढीवरून आणि उतारावरून ठरले पाहिजे, मागणीवरून ठरता कामा नये. या एका विधानावर अपेक्षेपेक्षा खूप अधिक पत्रे आली. काहींत कळकळीचा विरोध आहे, काहींत प्रत्यक्ष व्यवहारातल्या अडचणी आहेत. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे विस्तृत असल्यामुळे त्यांचा आशय तेवढा दिला आहे.

प्रश्न : जंगल वापरूनही टिकते, हे आपले म्हणणे मला पटत नाही. ‘शाश्वत वापर’ हा तोडीला दिलेला सोज्वळ शब्द आहे. उंचावरील सर्व जंगलांत माणसाचा हात पूर्णपणे थांबवणे, हाच खरा उपाय नाही का?
— एक निवृत्त शिक्षिका

आपला संशय मी खोडून काढणार नाही, कारण त्याला इतिहासाचा आधार आहे. वाढेल तेवढेच तोडावे, हा विचार युरोपात ठामपणे लिहून ठेवला तो हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी, १७१३ साली. आणि ते सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथील खाण प्रशासनाचे वरिष्ठ अधिकारी होते. चांदी गाळण्याच्या भट्ट्यांना कोळसा लागे, खाणींच्या बोगद्यांना टेकू द्यायला लाकूड लागे, आणि एर्झगबिर्ग डोंगररांगेतील जंगल या दोन तोंडांनी खाल्ले जात होते. लाकूड संपले तर खाणी बंद पडतील, या धास्तीतून तो विचार पुढे आला. त्यामुळे त्यात लाकडाचा हिशेब चोख होता, जंगलाचा मात्र अपुरा राहिला. पुढच्या काळात मध्य युरोपात एकाच वयाच्या स्प्रूसच्या, म्हणजे थंड प्रदेशातील एका सूचिपर्णी झाडाच्या, रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. घनफुटांत मोजले तर तूट नव्हती. पण वादळ आले किंवा साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची साथ आली, की असे वन मोठ्या पट्ट्यांनी आडवे होई. तेव्हा ‘शाश्वत’ हा शब्द कानावर पडल्यावर ‘नेमके काय शाश्वत?’ असे आपण विचारता, ते योग्यच आहे.

पूर्ण बंदी शोभून दिसते अशा जागाही आहेत. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट गावाच्या माथ्यावर त्रिकोणी आकाराचा स्प्रूसचा एक पट्टा आहे. वरून कोसळणाऱ्या हिमलोटांपासून तो गावाला वाचवतो, हे ओळखून १३९७ साली तिथल्या लोकांनी लेखी बंदी घातली. झाडे तर तोडायची नाहीतच, पण फांद्या आणि शंकूही बाहेर न्यायचे नाहीत, असे त्यात ठरले. ज्या खोऱ्यात झाडे मुळातच विरळ आणि हिवाळा कडक, तिथे सरपणाचा मोह बाजूला सारून घेतलेला हा निर्णय आहे, आणि त्या जागेसाठी तो अगदी बरोबर होता.

परंतु तीच बंदी सरसकट लागू केली म्हणजे काय होते, ते गढवालमध्ये दिसले. चिपको आंदोलन म्हणजे ‘झाडे तोडू नका’, एवढीच आठवण बहुतेकांच्या मनात उरली आहे. १९७३ साली चमोली जिल्ह्यातील मंडल येथे ठिणगी पडली, तिचे कारण वेगळे होते. स्थानिक सहकारी संस्थेला शेतीच्या अवजारांसाठी अंगूची झाडे नाकारली गेली आणि तशीच झाडे क्रीडासाहित्य बनवणाऱ्या एका कंपनीला मंजूर झाली. लोक आपला वापर मागत होते आणि बाहेरच्या तोडीला विरोध करत होते. या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकच होत्या. मार्च १९७४ मध्ये रेणी गावात गौरा देवींच्या पुढाकाराने बायकांनी झाडांना मिठ्या मारण्याची तयारी ठेवून तोड रोखली. त्यानंतर १९८१ साली त्या भागात १,००० मीटरहून उंचावरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली, आणि १९८२ साली नंदादेवी राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यावर त्याच परिसरातील गावांची वरच्या कुरणांवरची चराई, वनौषधी गोळा करणे आणि गिर्यारोहकांबरोबर मिळणारे काम, सारेच थांबले. ज्यांनी जंगल वाचवले त्यांनाच जंगलाबाहेर ठेवले गेले. हे मला फार अन्यायाचे वाटते. शिवाय जंगलाचा लाभ ज्याला मिळत नाही, त्याने रात्री-अपरात्री वणवा विझवायला का धावावे, याचे उत्तर बंदीच्या आदेशात सापडत नाही.

आता वापराचे एक उदाहरण. स्वित्झर्लंडच्याच ज्युरा पर्वतातील कूवे येथे आंरी बिओले या वनाधिकाऱ्याने १८९० पासून जंगलातील ठरावीक जाडीच्या वरचे प्रत्येक झाड मोजायला सुरुवात केली. काही वर्षांनी पुन्हा तीच मोजणी करायची, मधल्या काळात प्रत्यक्ष किती वाढ झाली ते पाहायचे आणि पुढची तोड त्या आकड्यावरून ठरवायची, अशी ती पद्धत. एकाच ठिकाणी म्हातारी, मध्यम आणि कोवळी झाडे शेजारीशेजारी ठेवायची आणि तोडताना एकेक झाड निवडायचे. पूर्ण पट्टा कधीच मोकळा करायचा नाही. शतकाहून अधिक काळ तिथून लाकूड निघत आहे आणि जंगल उभे आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, समतोल म्हणजे तोड आणि बंदी यांच्यातला मधला आकडा नसतो. आंडरमाटच्या पट्ट्यात एक झाड तोडणेही जास्त होईल. कूवेच्या जंगलात दरवर्षी लाकूड घेता येईल. खडा उतार, झऱ्यांच्या वरचा भाग, वृक्षरेषेजवळचे (जिच्या वर झाडे वाढत नाहीत त्या उंचीजवळचे) वन आणि जिथे मोठ्या झाडांखाली रोपे दिसतच नाहीत अशी जागा, एवढ्या ठिकाणी मी आपल्याबरोबर बंदीच्या बाजूने उभा राहीन.

प्रश्न : आमच्या गावाच्या वरच्या उतारावर तोड झाली. त्यानंतर तीन पावसाळे गेले, एकही दरड आली नाही. तोडीचा आणि दरडीचा संबंध नसतो, असे ठेकेदार आता सांगतो. तो खरे बोलतो का?
— डोंगरपायथ्याचा एक शेतकरी

तीन पावसाळे सुखरूप गेले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट आता सावध राहण्याची वेळ आली आहे.

झाड तोडले की खोड जाते, मुळे मात्र जमिनीतच राहतात आणि काही काळ माती धरून ठेवतात. उतारावरच्या मातीचा थर बहुधा पातळ असतो आणि त्याच्याखाली खडक असतो. बारीक मुळे मातीत जाळ्यासारखी पसरतात, जाड मुळे खडकाच्या भेगांत शिरतात आणि अशा रीतीने हा थर खडकाला जणू शिवलेला असतो. तोडीनंतर हे टाके एकेक करून कुजतात. नवी झाडे उगवली तरी त्यांच्या मुळांना तेवढे बळ यायला वेळ लागतो. जुन्या मुळांचा जोर ओसरलेला आणि नव्या मुळांचा आलेला नाही, असा जो मधला काळ असतो, तो साधारणपणे तोडीनंतर तिसऱ्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंतचा मानला जातो. उथळ दरडींचा धोका या काळात सर्वांत अधिक असतो. तोड करणारा तोपर्यंत निघून गेलेला असतो, कागदोपत्री काम पूर्ण झालेले असते, आणि दरड आली की ती पावसाच्या नावावर जमा होते.

आपल्याला स्वतः पाहायचे असेल तर एखाद्या बुंध्याच्या वरच्या अंगाची माती हाताने उकरा आणि बोटाएवढे जाड मूळ ओढून पाहा. पहिल्या वर्षी ते तुटत नाही, साल सोलून हातात येते आणि आतले लाकूड पांढरे, चिवट असते. चार-पाच वर्षांनी तेच मूळ तपकिरी झालेले असते आणि चिमटीत चुरले जाते. मातीत त्याच्या जागी एक पोकळ नळी उरते, आणि पावसाचे पाणी त्या नळीतून थेट खडकापर्यंत उतरते.

न्यायाने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फार खोलवरून, खडकाच्या थरासकट सरकणाऱ्या दरडी मुळे रोखू शकत नाहीत; तिथे जंगल असो वा नसो, फरक थोडा पडतो. त्यामुळे प्रत्येक दरडीचा दोष तोडीवर टाकणेही चुकीचे ठरेल.

तोडीपेक्षाही मला भीती वाटते ती लाकूड उतरवण्यासाठी काढलेल्या रस्त्यांची. उतार कापून रस्ता काढला की वरच्या बाजूला पायथा नसलेली उभी माती उरते, खालच्या बाजूला सैल भराव पडतो, आणि ठिकठिकाणी पसरून झिरपणारे पाणी रस्त्याच्या कडेने गोळा होऊन एका जागी सुटते. डोंगराळ जंगलातील ओढ्यांत येणाऱ्या गाळाचा मोठा वाटा अशा रस्त्यांचा असतो, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. म्हणून आल्प्समध्ये अनेक ठिकाणी लाकूड तारेवरून अधांतरी खाली आणतात. दगड घरंगळण्याचा धोका असेल तिथे काही खोडे मुद्दाम उतारावर आडवी टाकून ठेवतात आणि बुंधे उंच राखतात, म्हणजे वरून सुटलेला दगड त्यांना अडतो. विकता आले असते असे लाकूड तिथेच कुजू द्यायचे, हा खर्च वाटतो. पण खाली घरे असतील तर तो तोडीच्या हिशेबातच धरला पाहिजे.

आपल्या ठेकेदाराला एवढेच विचारा, की दहाव्या पावसाळ्यापर्यंत तो जबाबदार राहायला तयार आहे का, आणि तसे लिहून देईल का.

प्रश्न : झाडे तोडली की ओढ्याचे पाणी वाढते, असे एका व्याख्यानात ऐकले. मग जंगल पाणी देते की पिते?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी

दोन्ही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्समध्ये हबर्ड ब्रुक येथे याचा एक कठोर प्रयोग झाला. सुमारे १५.६ हेक्टरच्या एका लहान पाणलोटातील सर्व झाडे १९६५ च्या हिवाळ्यात तोडली, लाकूड जागेवरच पडू दिले, एकही रस्ता काढला नाही, आणि पुढे तीन वर्षे तणनाशक मारून काहीच उगवू दिले नाही. पहिल्या वर्षी ओढ्याचे वार्षिक पाणी अपेक्षेपेक्षा ३९ टक्क्यांनी वाढले. झाडे पाणी शोषून हवेत सोडतात; ती नाहीशी झाल्यावर ते पाणी ओढ्याला मिळाले. आपल्या व्याख्यात्यांनी सांगितलेले आकडे बहुधा अशाच प्रयोगांतले असतील आणि तेवढ्यापुरते ते खरे आहेत.

परंतु त्याच ओढ्याच्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण पहिल्या वर्षी ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले. झाडांनी वर्षानुवर्षे पाने गाळून, कुजवून, पुन्हा शोषून जे अन्न जागेवर फिरते ठेवले होते, ते घेणारी मुळेच उरली नाहीत, म्हणून ते पाण्यातून वाहून गेले. लाकडाची एक काठीही बाहेर नेलेली नव्हती, हे लक्षात घ्या. जंगलाने साठवलेला कस माणसाने न नेताही निघून गेला.

आणि पाणी वाढले म्हणजे ते हवे तेव्हा मिळाले, असेही नव्हे. डोंगरातील लोकांना पाणी लागते ते कोरड्या महिन्यांत. जंगलाखालची माती पालापाचोळ्याने भुसभुशीत असेल तर पाऊस आत मुरतो आणि हळूहळू झऱ्यांतून बाहेर येतो. तोडीनंतर तीच माती गुरांच्या खुरांनी, यंत्रांनी किंवा नुसत्या थेंबांच्या माराने घट्ट झाली, तर पावसाळ्यात लोंढा येतो आणि उन्हाळ्यात झरा आटतो. सतत धुके असलेल्या उंच जंगलांत तर पाने आणि शेवाळ धुक्यातून पाणी वेचून जमिनीला देतात. तिथे झाड गेले की तो थेंबथेंब पुरवठाच थांबतो. म्हणून वार्षिक सरासरीच्या आकड्यावर समाधान मानू नका. वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात ओढा किती वाहतो, ते पाहा.

प्रश्न : आम्ही झाड तोडत नाही, फक्त वनौषधी, मध आणि बांबू घेतो. तरीही आमच्याकडे संशयाने का पाहिले जाते?
— वनउपज गोळा करणाऱ्या गटाची एक सदस्या

आपल्या पत्रातील दुखणे मला समजते. ट्रकभर लाकूड नेणाऱ्याला परवाना असतो आणि डोक्यावर भारा असलेल्या बाईला अडवले जाते, हे अनेकांनी पाहिले आहे. तरीही ‘फक्त’ या शब्दापाशी थोडे थांबू. वनस्पतीचा कोणता भाग घेतला जातो, यावर सारे अवलंबून असते. फळ घेतले तर झाड राहते, पान घेतले तर ते पुन्हा फुटते, भोवतीची साल पूर्ण सोलली तर झाड मरते, आणि कंद किंवा मूळ घेतले तर तिथे काहीच उरत नाही.

सह्याद्रीतल्या नरक्याचे उदाहरण घ्या. या लहानशा झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते, त्यापासून कर्करोगावरील औषधे बनतात. हे द्रव्य मुळात एका चिनी झाडात सापडले; ते वेगळे काढून १९६६ मध्ये जगासमोर आणणाऱ्यांत मन्रो वॉल यांच्याबरोबर मनसुख वाणी होते, ज्यांचा जन्म नंदुरबारचा. मागणी वाढली तशी नरक्याची झाडेच्या झाडे तोडून, तुकडे करून पोत्यांत भरली गेली, आणि जिथे ते सहज दिसत असे तिथे शोधावे लागू लागले.

त्याच दोन शास्त्रज्ञांनी शोधलेल्या टॅक्सॉल या कर्करोगावरील औषधाची कथा मात्र पुढे वेगळ्या वळणाने गेली. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीतून मिळे, आणि साल काढली की अतिशय सावकाश वाढणारे ते झाड मरत असे. १९९२ च्या अखेरीस औषधाला तिथे मान्यता मिळाली, तेव्हा रुग्णांचा जीव आणि झाडाचा जीव असा पेच उभा राहील, अशी भीती होती. मार्ग निघाला तो युरोपीय यूच्या पानांतून: पानांतील एका द्रव्यापासून प्रयोगशाळेत औषध तयार करता येऊ लागले, आणि पाने तर छाटल्यावर पुन्हा येतात. कोणता भाग घ्यावा, एवढा एकच निर्णय बदलला आणि जंगलावरचा भार हलका झाला. नरक्याच्या बाबतीतही हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता, याची मला मनापासून खंत वाटते.

बांबूचे शास्त्र आपल्या गटातील अनुभवी बायकांना पुस्तकांपेक्षा अधिक माहीत असेल. पावसाळ्यात कोंब फुटतो आणि काही महिन्यांतच काठी पूर्ण उंची गाठते. नंतर ती उंच किंवा जाड होत नाही, फक्त पक्की होते. तिला पक्व व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. नव्या कोंबांना अन्न पुरवते ती बेटातली जुनी मंडळी, म्हणून या वर्षाच्या आणि गेल्या वर्षाच्या काठ्यांना हात लावायचा नाही, पक्व काठ्यांपैकीही काही राखायच्या, आणि काप जमिनीलगतच्या पेराच्या थोडा वर, पाणी साचणार नाही असा घ्यायचा. अडचण अशी असते की, बेटाच्या आतल्या पक्व काठ्यांपर्यंत पोहोचणे कष्टाचे असते आणि बाहेरच्या कोवळ्या काठ्या सहज हाताला लागतात. मजुरी नगावर असेल तर माणूस बाहेरचीच तोडणार. नियम कितीही चांगला असला तरी मजुरी देण्याची पद्धत त्याच्या विरोधात असेल तर बेट दोन-तीन हंगामांत बसते. आपल्या गटाने आधी हे बदलून पाहावे.

प्रश्न : खनिजाशिवाय कोणाचेच चालत नाही. खाण संपल्यावर खड्डा भरून झाडे लावली, शिवाय दुसरीकडे भरपाई म्हणून वनीकरण केले, तर समतोल साधला असे का म्हणू नये?
— खाण उद्योगातील एक अधिकारी

आपण प्रामाणिकपणे विचारले आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. लाकूड, बांबू, फळे यांच्याबाबतीत ‘वाढेल तेवढे घ्या’ असे म्हणता येते. धातुक वाढत नाही. डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खाणीला ती मर्यादा लावताच येत नाही. तिथे ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच ठरवायचे असते आणि ‘होय’ म्हटल्यास काय कायमचे गमवायचे, हे आधी मान्य करायचे असते.

शिवाय खनिज जागेवर असताना काही काम करत असते, ते हिशेबात येत नाही. मसुरीच्या आसपासच्या टेकड्यांतील चुनखडीचे पाहा. १९८३ साली देहरादूनच्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रातून तेथील खाणींचा खटला उभा राहिला. १९८५ मध्ये अनेक खाणी बंद करण्याचा आदेश झाला आणि १९८८ मध्ये अंतिम निकाल आला. भेगा आणि पोकळ्यांनी भरलेली चुनखडी ही तिथली पाण्याची टाकी होती. दगड काढून विकला तर त्याची किंमत एकदाच मिळते. तो डोंगरात राहिला तर दूनच्या खोऱ्याला झरे देत राहतो. प्रादेशिक सेनेच्या १९८२ मध्ये उभारलेल्या पर्यावरण तुकडीने त्या उघड्या टेकड्यांवर झाडे लावली आणि मसुरीचे डोंगर पुन्हा हिरवे दिसू लागले, हे काम मोठे आहे. पण हिरवा रंग परत आला म्हणजे फोडून नेलेला जलधारक खडक परत आला, असे होत नाही.

कुद्रेमुखचा अनुभव अधिक ठळक आहे. पश्चिम घाटातील प्रचंड पावसाच्या त्या डोंगरात, भद्रा नदीच्या उगमाकडील भागात लोहखनिजाची उघडी खाण चालत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २००५ च्या अखेरीस ती बंद झाली. खाण बंद झाली, तरी खनिज वेगळे केल्यावर उरलेला बारीक गाळ लख्या धरणामागे आजही साठलेला आहे, आणि ते धरण पावसाळ्यामागून पावसाळा सांभाळावे लागते. अशा गाळाचे बांध फुटले तर काय होते, ते अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात २६ फेब्रुवारी १९७२ रोजी दिसले: बफेलो क्रीकच्या खोऱ्यात कोळसा खाणीच्या कचऱ्याचा बांध फुटून १२५ माणसे मृत्युमुखी पडली. उत्खननाची मुदत वर्षांत मोजतात. त्याच्या कचऱ्याच्या राखणीला मुदत नसते.

भरपाईच्या वनीकरणाविषयी थोडक्यात: उतारावरचे जंगल त्या उताराची माती धरते आणि त्या ओढ्याला पाणी देते. सपाटीवर, दुसऱ्या खोऱ्यात लावलेली झाडे चांगली असतील, पण ती मूळ उताराचे काम करू शकत नाहीत.

मग खाणी कुठेच नकोत का? तसे मी म्हणत नाही. ज्या ठिकाणी पाण्याचा उगम नाही, उतार सौम्य आहे, वरची माती वेगळी साठवून पुन्हा पसरता येते, आणि तिथले लोक सगळी माहिती समजून घेऊन संमती देतात, अशा जागेचा विचार होऊ शकतो. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही तेवढाच खरा हवा. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइटच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, आणि डोंगरिया कोंध वस्त्यांतील बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. माझ्या मते, तो डोंगर ज्यांच्या पाण्याचा आणि उपासनेचा आधार आहे, त्यांनीच ते ठरवायला हवे होते आणि तसेच झाले.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. आता नियम लिहायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?
— ग्रामसभेच्या समितीचा एक तरुण सदस्य

अभिनंदन. २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला हा अधिकार जपण्याचा आणि व्यवस्थापनाचा आहे, आणि तो कागदावरून जमिनीवर आणणे हे खरे कष्टाचे काम आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला. स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात यायला मात्र २०११ उजाडले. म्हणून कागदपत्रांच्या विलंबाने खचू नका.

नियम लांबलचक नकोत. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल नावाच्या डोंगराळ गावाने १५१७ मध्ये एक नियम केला: हिवाळ्यात आपल्या घरच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतात, त्याहून अधिक गाई कोणी उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवू नयेत. त्यात आकडा नाही, पण कोण किती पात्र आहे हे प्रत्येक शेजाऱ्याला दिसते, आणि बाहेरून गुरे विकत आणून कुरण लुटण्याची वाट बंद होते. त्याच गावात घरबांधणीसाठी आणि सरपणासाठी तोडायची झाडे आधी खूण करून ठरवत, घराघरांतील माणसे मिळून ती तोडत, लाकडाचे सारखे ढीग लावत आणि कोणता ढीग कोणाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे. ढीग लावणाऱ्याला आपल्या वाट्याला कोणता येणार ते माहीत नसल्यामुळे ढीग सारखेच लागत. सामायिक साधने लोक नीट सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या अभ्यासात हे गाव ठळकपणे येते.

उलट बाजू नेपाळने पाहिली. १९५७ मध्ये तिथल्या खासगी वनांचे राष्ट्रीयीकरण झाले, गावांचा अधिकार गेला आणि कोणाचेच नसलेले जंगल झिजू लागले. १९७८ पासून ते टप्प्याटप्प्याने गावांकडे परत येऊ लागले, १९९३ च्या कायद्याने वापरकर्ता गटांना बळ दिले, आणि आज असे २२,००० हून अधिक गट आहेत. मध्य डोंगराळ पट्ट्यातील उघडे उतार पुन्हा झाडीने भरले. तरी सर्व काही आलबेल नव्हते: समितीवर सधन घरे बसली तर ती चराईबंदी आणि सरपणबंदी सहज मंजूर करतात, कारण त्यांच्याकडे स्वतःची शेते आणि झाडे असतात, भूमिहीन घराची चूल मात्र त्याच दिवशी विझते. तुमचा पहिला मसुदा वाचताना प्रत्येक नियमाशेजारी लिहा, की या नियमामुळे सर्वांत गरीब घराने काय सोडले आणि त्या बदल्यात त्याला काय मिळाले. ज्या नियमापुढे हा रकाना रिकामा राहील, तो नियम चोरून मोडला जाईल.

जंगलाचे भाग पाडताना सर्व्हे नंबरांवर विसंबू नका. पावसाळ्यात चालत जा. ओढे कुठून निघतात, माती कुठे सरकली आहे, कुठे रोपे दाट आहेत आणि कुठे मोठ्या झाडांखाली जमीन उघडी आहे, हे वयस्क गुराखी एका दिवसात दाखवतील. ओढ्यांचे काठ आणि खडे उतार सरळ राखीव ठेवा. उरलेल्या भागातून काय घ्यायचे ते पहिल्या दोन वर्षांत अंदाजाने आणि हात आखडून ठरवा, कारण वाढ किती होते हे अजून तुम्हाला माहीत नाही.

ती कळावी म्हणून आजच एक काम करा. वेगवेगळ्या उतारांवर वीस मीटर लांबी-रुंदीचे काही चौकोन दोरीने आखा आणि कोपऱ्यांवर दगड पुरा. आतील प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, छातीच्या उंचीवर त्याचा घेर मोजा, गुडघ्याएवढी रोपे वेगळी मोजा आणि सारे एका जाड वहीत शाईने लिहा. टेप जिथे लावला, तिथे खोडावर रंगाची बारीक आडवी रेघ मारायला विसरू नका. पाच वर्षांनी मोजायला तुमच्याऐवजी दुसरे कोणी गेले, तरी त्याचा टेप त्याच रेघेवर बसला पाहिजे.